मुंबईचं फिक्कं पाणी

आई, आज सकाळी डाळ चढवताना मुंबईचा तो दिवस आठवला. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, म्हणून मोठ्या दुखण्याला नागपूर गाठायचं. पण बाबा गावचे जोशी, आणि त्यांचे एक यजमान कापसाच्या दलालीसाठी मुंबईला राहायचे, म्हणून तुझे सुजलेले पाय दाखवायला आपण तिघं तिकडे गेलो. सकाळी उतरायचं, रात्रीच्या गाडीनं परत. यजमानांकडे नळ होता. मी ओंजळ लावून पोटभर प्यायले. तू एक घोट घेतलास आणि भांडं खाली ठेवलंस. "फिक्कं हाये. गयाखाली उतरत नाई," म्हणालीस. पूर्णाकाठच्या खारपट्ट्यातली माणसं आपण, जन्मभर विहिरीचं मचूळ पाणी प्यायलेली.

डॉक्टरांनी आपल्या पाण्याची चौकशी केली आणि बाबांना सांगितलं, गाव सोडा, हिला गोडं पाणीच द्या, नाहीतर हिचं काही खरं नाही. पण बाबा गावचं जोशीपण गाठोड्यात बांधून कुठं नेणार? गाडीला अवकाश होता म्हणून ते आपल्याला समुद्रावर घेऊन गेले. तू बोट बुडवून जिभेला लावलंस आणि दिवसभरात पहिल्यांदा हसलीस.

"पोरी, हे त आपल्या विहिरीचंच पानी हाये."

बाबाही हसले. मला मात्र रडू आवरेना, आणि तुला वाटलं मी लाटांना भ्याले.

घरी आल्यावर बाबा लांबच्या गावाहून बैलगाडीनं गोड्या पाण्याच्या घागरी आणू लागले. त्या तुझ्यासाठी होत्या. पण खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि बाबांना टणक वरण घशाखाली उतरत नसे. तू घागर चुलीकडे वळवलीस आणि स्वतः विहिरीचंच पीत राहिलीस. बाबांनी एकदा पाहिलं, खूप चिडले.

"मले त ते फिक्कंच लागते," तू म्हणालीस. "मंग डाय कावून कच्ची ठेवू?"

पुढं कुणी तो विषय काढला नाही. बाबा पाणी आणत राहिले, तू रांधत राहिलीस, आणि होळीआधीच गेलीस.

आता अमरावतीच्या माझ्या घरात नळ आहे. तरी मला तुझा राग येतो, आई, अजून येतो. हे पत्र कुणाच्या पत्त्यावर टाकू? चुलीतच जाईल. जाण्याआधी एवढंच सांगते, त्या दिवसांतलं वरण फार चांगलं व्हायचं. मी रोज दुसऱ्यांदा मागायचे, आणि तू खुशीनं वाढायचीस.