दुखायचं थांबलं तेव्हा

माय, कालपासून मी स्वयंपाकघरात चप्पल घालते आहे. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे तुला काय बोलायचं ते बोलून घेता येईल. देव्हारा तिथंच आहे, ओट्याच्या शेजारी, तू ठेवला होतास तसाच. पण टाच अशी ठणकते की सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकवत नाही. भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते. मग लातूर-नांदेड गाडीत दिवसभर उभी. कंडक्टरला सीट असते म्हणतात, पण बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून अहमदपूरपर्यंत गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि माझ्या सीटवर कुणाची तरी म्हातारी बसलेली असते. तिला उठ म्हणायचं तोंड होत नाही. शेवटी मागच्या आठवड्यात दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, साखर निघाली. घरातही मऊ चप्पल घाला, काही झालं तरी शेकू नका, रोज तळपाय बघत जा, असं ते म्हणाले. हेच बोलणं मी पूर्वी एकदा ऐकलं आहे. तेव्हा खुर्चीवर तू होतीस आणि मी तुझ्या मागे उभी होते.

क्लासची पोरं दोन्ही वेळा तुझ्या खानावळीत जेवायची आणि तू पहाटेपासून शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहून भाकरी थापायचीस. पायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या, टाचेत काटा मोडल्यासारखं व्हायचं. त्यावर तुझा इलाज ठरलेला. संध्याकाळी वीट गॅसवर तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि टाच दाबून धरायची. पान चरचरलं की तू डोळे मिटायचीस. डॉक्टरांकडून परत येताना मी तुला कापडी सपाता घेतल्या. तू त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत घातल्यास आणि बाहेरच काढून ठेवल्यास. "अन्न शिजतंय तिथं पायताण घालू? देव बघून राहिलाय की." मी वाद घातला तर म्हणालीस, "तू तुझी गाडी बघ. माझा पाय मला ठाव हाय." तू एकदा हट्टाला पेटलीस की कुणाचं काही चालत नसे, अप्पांचंसुद्धा नाही. वीटही तू सोडली नाहीस.

आणि मग तो दिवस. मी नांदेडहून गाडी घेऊन येते आणि लातूरच्या स्टँडवर तू फलाटावर उभी आहेस, हातात डबा. तू घरापासून चालत आलीस हे कळून मी घाबरते. तू हसतेस. "दुखायचं थांबलं बघ. कालपासून कायबी न्हाई. कापसावर चालल्यावानी वाटून राहिलंय." डब्यात शेंगाच्या पोळ्या आहेत. आपण बाकावर बसून खातो, ड्रायव्हरलाही देतो. "विटेनंच गुण आला," तू म्हणतेस, "आता सोडायची न्हाई." मीही मान डोलावते. इतक्या दिवसांनी तुझा चेहरा मोकळा दिसत होता, तिथं शंका कोण काढणार? दुखणं गेलं म्हणजे आजार गेला, आपल्याकडं एवढंच माहीत. जो कण्हतो तो आजारी, जो कण्हत नाही तो धडधाकट.

तुझा पाय बरा झालेला नव्हता, तो बधिर झाला होता. तू वीट तापवत राहिलीस, आणि ऊब लागेना म्हणून आणखी तापवत राहिलीस. फरशीवर ओले डाग दिसले तेव्हा भांड्यातलं काही सांडलं असेल म्हणून पुसून घेतलेस. मी घरी आले, तुझा पाय मांडीवर घेतला. टाचेची कातडी सुटून आली होती. तू वाकून पाहिलंस आणि मलाच विचारलंस, "चटका तर बसला न्हाई. मग भाजलं कसं गं?" जखम भरलीच नाही. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्या दिवशी मी खाटेशेजारी रडायला लागले तर तू खेकसलीस, "रडतीस कशाला? मला दुखत न्हाई." तू मला धीर द्यायला म्हणालीस हे कळतं, तरी त्या वाक्याचा मला आजही राग येतो. त्यानंतर तू वर्षभरसुद्धा राहिली नाहीस.

आता माझी पाळी आली आहे आणि मला भीती वाटते. अंघोळ झाली की आरसा जमिनीवर ठेवून तळपाय बघते, नखं बघते, बोटांच्या बेचक्या बघते. काल चप्पल घालून पहिल्यांदा ओट्याशी उभी राहिले तेव्हा देव्हाऱ्यावर पडदा ओढून घेतला होता, तू हसशील. हे सगळं मी स्टँडवर, आपण पोळ्या खाल्ल्या त्याच बाकावर बसून लिहिते आहे. गाडी लागायला अजून वेळ आहे. हा कागद टाकणार तरी कुठल्या पेटीत, तिकिटांच्या बॅगेतच राहील.

एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. टाचेसाठी डॉक्टरांनी गोळी दिली आहे. पहिले दोन दिवस घेतली, ठणका उतरला, घरातले खूश झाले, मी मात्र नाही. सारखी टाच दाबून बघत होते. आता कुणी विचारलं की घेते म्हणून सांगते. घेत नाही, माय. सकाळी उठते, भिंत धरते, पहिलं पाऊल टाकते. टाच ठणकते, आणि मला बरं वाटतं.