बोगद्यापाशी हॉर्न

ती. दादास,

पन्नाशी ओलांडल्यावर ज्यांच्या हातातून पोरं ‘तुम्हाला नाही जमायचं’ म्हणत रिमोट काढून घेतात, अशा तमाम बंधूंनो! (तमाम म्हणजे तू एकटाच, पण समोर सभा असल्याशिवाय मला लिहिता येत नाही, हे तू जाणतोस.) शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कुरकुरतो, असं वहिनींकडून कळलं. माझा आवाज ठणठणीत आहे. त्याबद्दल घरात कुणीही समाधान व्यक्त करत नाही.

तर आपला तो मोटारींच्या शर्यतीचा खेळ परत आला आहे. थिएटरशेजारच्या दुकानातलं ते लाल यंत्र आठवतं? दोन खुर्च्या, दोन स्टिअरिंगं, आणि माझ्या बाजूचा ब्रेक कायमचा तुटलेला. (माझ्या सगळ्या मतांचं मूळ अभ्यासकांनी तिथे शोधावं.) तोच खेळ आता टीव्हीवर आलाय, आणि चौघांना आपापल्या घरी बसूनही एकत्र खेळता येतो. सूनबाईने तो लावून दिला, माझ्या कानांवर माइकवाले हेडफोन चढवले आणि म्हणाली, “आई, यात बोलताही येतं.” हे वाक्य तिला महागात पडलं.

पहिल्याच शर्यतीत लक्षात आलं, की मागे पडलेल्या गाडीला हा खेळ आपणहून जास्त वेग देतो. दादा, मला भरून आलं. जन्मभर व्यासपीठावरून जे मागत आले, ते इथे कुणी न मागता देत होतं! घाटातल्या वळणावर गाडी उभी केली आणि या विषयावर बोलले. सूनबाई कळवळून म्हणत होती, “आई, गाडी चालवा!” म्हटलं, “मुद्दा संपू दे.” मुद्दा संपला तेव्हा शर्यतही संपली होती.

हल्ली रोज संध्याकाळी आम्ही तिघी (मी, सूनबाई आणि तिची ऑफिसातली मैत्रीण) खेळतो, आणि चौथा एक गडी येतो. नाव घेतलंय ‘खटारा’. तोंडातून अक्षर काढत नाही. गाडी झकास चालवतो, पण बोगदा आला की वेग कमी करून हॉर्न वाजवतो. अरे, शर्यत आहे! रस्ता एकेरी! समोरून कुणी येण्याची सोयच नाही! मैत्रीण हसून लोळते. मी हसत नाही. त्या बोगद्यापाशी हॉर्न वाजवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलाय. “पलीकडून कुणी येत असलं तर?” असं विचारायचा तो, ब्रेकवर पाय ठेवून.

काल मी पुलावरून खाली गेले. (सवय.) खटारा सगळ्यांच्या पुढे होता, समोर निशाण दिसत होतं, आणि पठ्ठ्या थांबला. मी रस्त्यावर परत येईपर्यंत हॉर्न वाजवत उभा राहिला. मैत्रीण जिंकली. ती त्याला बावळट म्हणाली. मी तिला पुष्कळ काही म्हणाले.

तुझ्या निवृत्तीच्या समारंभात मी बोलले, की ‘आमचा दादा जन्मभर मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजवत आला’. लोक हसले. तेव्हापासून तू फोन थेट वहिनींच्या हातात देतोस. भाषण उत्तम होतं, मागे घेणार नाही. (टाळ्या वहिनींनीही वाजवल्या.) फक्त शेवट राहून गेला होता, तो काल सुचला: मागच्यांसाठी थांबा, असं जन्मभर मी बोलत आले, आणि थांबत आलास तू.

तुझी,
धाकटी

ता. क. खटारा तू नसलास तर हे पत्र फाडून टाक आणि मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे असं समज.

ता. क. ‘हा गडी आपल्यात आला कुठून?’ असं सूनबाईला विचारलं, तर ती छताकडे पाहते. तिचं आणि वहिनींचं रोज बोलणं असतं, ही माहिती सहज म्हणून देते.

ता. क. येत्या रविवारी संध्याकाळी बोगदा येईपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. (हे वाचून सूनबाई पत्र टाकायला स्वतः निघाली आहे.) तिथे हॉर्न वाजवू नकोस. नुसतं ‘बाजूला हो, भवाने’ म्हणालास तरी चालेल. पण बंधूंनो, माइक चालू करा!