प्राचार्यांच्या सुटाचं कापड

२ जून
पोरीचं नाव दोन्ही कॉलेजांच्या यादीत लागलं. एक दुकानामागच्या गल्लीतलं, फी परवडणारी. दुसरं टेकडीवरचं, नामांकित. बायको म्हणाली, जवळचंच बरं. पोरगीही तेच म्हणाली. दोघींना दूरदृष्टी नाही. टेकडीवरच्या कॉलेजचे ब्लेझर वर्षानुवर्षं मीच शिवतोय. प्राचार्यांची मापं मला तोंडपाठ आहेत. ओळख आणखी कशाला म्हणतात?

५ जून
प्राचार्य सर दुकानात आले. महिनाअखेरीला समारंभ आहे, सूट हवाय म्हणाले. छातीचं माप घेता घेता पोरीच्या फीत सवलतीचा विषय काढला. सर म्हणाले, बघू. मोठी माणसं कधी हो म्हणत नाहीत, बघू म्हणतात. काम फत्ते!

८ जून
बायकोने घरखर्चातून साठवलेले पैसे हातात ठेवले. जवळच्या कॉलेजची फी शनिवारपर्यंत भरा म्हणाली. लगेच निघालो. वाटेत कापडाचं होलसेल दुकान लागलं. गडद निळं लोकरी सुटिंग. हातातून सोडवेना. सरांना सूट भेटच दिला, तर सवलत कुठे जाते? पैसे खर्च केले नाहीत, गुंतवले.

९ जून
पोरीने विचारलं, फी भरली का. मी मान हलवली. उभी की आडवी, आता आठवत नाही. पावती दुकानात राहिली म्हणालो. उद्यापासून पहाटे उठून सूट. दुसरं काम घ्यायचं नाही.

१३ जून, शनिवार
उशिरा उठलो. जवळच्या कॉलेजचं काउंटर बंद झाल्याचं शेजारच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं. तरी एक चक्कर मारून आलो. मग वाटलं, बरंच झालं. दोन दगडांवर पाय ठेवून कोणाचं भलं झालंय? दुपारी पोरीसाठी टेकडीवरच्या कॉलेजचा ब्लेझर कापला. माप घेतलं नाही. बापाला लागत नाही.

२० जून
सुटाची ट्रायल. खांदा असा बसला की सर आरशापुढून हलेनात. पुन्हा विषय काढला. अर्ज ऑफिसात देऊन ठेवा म्हणाले. दिला. क्लार्कने शिक्कासुद्धा मारला.

२९ जून, संध्याकाळ
सूट पोहोचवायला कॉलेजात गेलो. हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते. फळ्यावर 'निरोप समारंभ' लिहिलेलं. कोणाचा, म्हणून शिपायाला विचारलं. त्याने माझ्या हातातल्या सुटाकडे बोट दाखवलं.
सर म्हणाले, मी आज रिटायर होतोय, सवलतीचं नवे सर बघतील. सुटाचे किती झाले विचारलं. भेट आहे म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

३० जून
नव्या सरांना भेटलो. रेडिमेड कोट, खांदे पडलेले. म्हणाले, पूर्ण फी आजच भरा, नाहीतर जागा पुढच्या नावाला जाईल. असल्या माणसाशी काय बोलायचं?
घरी सगळं सांगावं लागलं. बायको उठून आत गेली. पोरीने आवाज न चढवता विचारलं, मग बाबा, मी आता कुठे जाऊ? ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला रडू आवरेना.

७ जुलै
पोरगी दुकानात बसते. एका वर्षाचा तर प्रश्न. पुढच्या वर्षी टेकडीवरच. काज सुरेख घालते.
आज एक मुलगी आईबरोबर आली. टेकडीवरच्या कॉलेजचा ब्लेझर अर्जंट हवा होता. तयार काही नाही म्हणालो. पोरीने आतून स्वतःचा तो ब्लेझर आणून दिला. खांद्यात, बाहीत अगदी बरोबर. फक्त कमरेत सैल. पोरगी ओठांत टाचण्या धरून तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि कंबर टाचू लागली. मुलीने सहज विचारलं, तू कुठल्या कॉलेजला आहेस?
तोंडात टाचण्या असल्यामुळे पोरगी काही बोलली नाही. मीही नाही. माझ्या तोंडात काहीच नव्हतं.