पाकिटावरची मोटार

४ फेब्रुवारी २०२५

सकाळी सकाळीच भांडण! परत त्या टपाल तिकिटांवरून. अकोल्याच्या पोस्टात जुन्या मोटारीचं तिकीट आलंय म्हणे, हे निघाले. तिथं तिकीट पाकिटाला लावायचं, शिक्का मारून घ्यायचा अन् स्वतःच्याच नावानं घरी पाठवायचं. आत नुसता कोरा पुठ्ठा. अशी पाकिटं कपाटभर झालीत!

मी म्हटलं, "जलमभर सोताले पाकिटं धाडता. मले एक तरी धाडलं काय? अन् लगन लावून अंजनगावहून आणलं ते बी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत!"

हे चहा तसाच ठेवून गेले.

६ फेब्रुवारी

गेले. परवा दुपारी, अकोल्याच्या बसस्टँडवर. छातीत कळ आली अन् संपलं. शेखर जाऊन घेऊन आला. पोटच्या पोरानं बापाला असं आणावं! काल सगळं उरकलं.

१० फेब्रुवारी

रागातच गेले का? दुसरं काही सुचतच नाही. तो चहाचा कप अजून विसळला नाही मी. प्रणाली विसळायला गेली तर सुनेवर उगाच ओरडले.

यांच्या पिशवीत पाकीट नव्हतं. म्हणजे पोस्टात टाकलं असणार. यांच्या हातचं शेवटचं — ते मला पाहिजे.

११ फेब्रुवारी

शेखरनं तेरवीची पत्रिका दाखवली. खाली माझं नाव — श्रीमती बेबीताई. मी त्या 'श्रीमती'वर बोट ठेवलं. "आई, आता असंच लिवा लागते," म्हणाला अन् तोंड फिरवलं. त्याचं तरी काय चुकलं!

१३ फेब्रुवारी

धम्मदीप पोस्टमनला आजही हटकलं. "काकू, आलं का पयले तुमच्याच घरी आणतो न!" बिचारा सायकलवरून उतरून बोलतो हल्ली.

१६ फेब्रुवारी

तेरवी झाली. पाकीट नाही.

२२ फेब्रुवारी

आलं!

"काकू, आपलं नांदगाव पेठ, अन् थे जाऊन बसलं नांदगाव खंडेश्वरले!" धम्मदीप म्हणाला.

हिरवी मोटार, बिनटपाची, मागं ऐसपैस बैठक. त्यावर अकोल्याचा शिक्का, चार तारखेचा. आत पुठ्ठा, नेहमीसारखा कोरा. पण पत्त्यावर यांचं नाव नाही. यांच्या अक्षरात, ठळक लिहिलंय — सौ. बेबीताई.