पाणसळ लावलेलं चित्र

बाबा, काल समोरच्या खोलीतलं ते चित्र पुसायला काढलं, तर चौकटीच्या मागे तुमच्या अंगठ्याएवढा सिमेंटचा डाग दिसला. तो मी पुसला नाही.

सत्त्याहत्तर साली मला वाशीमच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली, आणि पहिल्या पगाराचं मी फ्रेमच्या दुकानातून हे चित्र घेतलं. पांढराशुभ्र कागद, त्यावर उजवीकडे चढत गेलेली एकच काळी रेघ आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: ‘वाट वाकडी असली, तरी चालणं सरळ असावं.’ देवादिकांच्या आणि नटनट्यांच्या गर्दीत ते एकटंच गप्प होतं. कुणाला न विचारता मी निवडलेली ती पहिली वस्तू. आपल्या गावापर्यंत, किन्हीराजापर्यंत, एसटीत मी ते मांडीवर उभं धरून बसले.

तुम्ही गवंडी. जन्मभर लोकांच्या भिंती सरळ केलेल्या. तुम्ही चित्र दारातल्या उजेडात धरता, एक डोळा मिटता आणि म्हणता, "रेघ ढयली हाये वं. दुकानदारानं तुले ठगवलं. उद्याच्या गाडीनं वापस कर." मी सांगते, ती मुद्दाम तशी काढली आहे. "मुद्दाम वाकडं कोन करते?" तुम्ही विचारता. चुलीपाशी बसलेली आई म्हणते, "मंग आपली मोरी कोनं बांधली?" तुम्ही हसत नाही. मी चित्र कागदात गुंडाळून ठेवते. पगार गेल्याचं काही वाटत नव्हतं, पण माझी निवड तुम्हाला फसवणूक वाटली, ते लागलं होतं.

सकाळी उठले तर चित्र भिंतीवर, बुद्धांच्या तसबिरीशेजारी. तुम्ही काचेवर रेघेलगत पाणसळ टेकवून, आतला बुडबुडा मधोमध येईस्तोवर चौकट फिरवली होती. रेघ अगदी आडवी, चौकट तिरपी, आणि अक्षरं उताराला लागलेली. "आता पाह्य," तुम्ही म्हणालात, "वापस न्याचं काम नाई."

आई आणि मी पोट धरून हसलो. पुढं घरी येणारा प्रत्येक जण मान वाकडी करून ती ओळ वाचायचा, आणि तुम्ही दर वेळी न चुकता सांगायचात, "लेकीनं आनलं. वाशीमहून." माझ्याबद्दल चारचौघांत तुम्ही एवढं कधी बोलला नव्हतात.

हे लिहिलेला कागद आता त्याच चौकटीच्या मागे खोचून ठेवते. तुमच्या माघारी चित्र माझ्या घरी आलं; इथं ते चौकटीप्रमाणे सरळ टांगलं आहे, आल्यागेल्यासाठी. पण पाहुणे गेले, दार लागलं, की मी त्याचा उजवा कोपरा बोटभर खाली करते.