‘मावशी’ नावाचा फॉन्ट ताबडतोब काढून टाकण्याबाबत

चि. भाचेराव यांस, मावशीचे आशीर्वाद.

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचा लोखंडी जिना एका पायरीने तोकडा निघाला आणि त्याचं खापर माझ्या हस्ताक्षरावर फुटलं, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ म्हणत दुसरंच काहीतरी करत असतोस (मला टकटक ऐकू येते), आणि हे प्रकरण अर्ध्या कानाने ऐकण्यासारखं नाही.

आधी रीत पाळते. मी बरी आहे. तुझी आई बरी आहे, गुडघा सोडून. तुझी तब्येत कशी आहे, वेळेवर जेवतोस का, अजून अंधारात स्क्रीनला नाक लावून बसतोस का, हे सगळं ती उद्या तुझ्याकडे येऊन स्वतःच बघणार आहे, तेव्हा मी विचारत नाही.

आता मुद्दा. तू सुट्टीत आलास तेव्हा आमच्या कचेरीत फॉन्टवरून जुंपलेली होती, हे तुला ठाऊक आहे. अकरा ड्राफ्ट्समन, अकरा तऱ्हा. एकाची अक्षरं इतकी बारीक की प्रिंटवर मुंग्या मरून पडल्यासारख्या दिसाव्यात. दुसऱ्याला आमंत्रणपत्रिकेवरचं वेलांट्यांचं अक्षर लोखंडी तुळयांना शोभून दिसतं असं वाटायचं. तिसऱ्याने कुठूनसा आणलेला फॉन्ट खाली वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर नव्हताच, त्यामुळे तिथे त्याचं ड्रॉइंग उघडलं की मापांच्या जागी नुसते चौकोन. फोरमनने वर फोन करून विचारलं, ‘‘साहेब, एवढ्या खिडक्या कुठे बसवायच्या?’’ तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं की सगळ्यांचा मिळून एकच फॉन्ट, नवीन ड्रॉइंग उघडलं की आपोआप तोच. तो निवडायला समिती नेमली. समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिलीत अक्षराची उंची ठरली, दुसरीत ती बदलली, तिसरीत पुन्हा पहिली ठरली. फॉन्ट काही ठरला नाही.

आणि तू! माझ्या कपाटातली सात जुनी ट्रेसिंग ‘आठवण म्हणून’ घेऊन गेलास आणि आठवड्याने त्यांतल्या माझ्या हाताच्या अक्षर-आकड्यांचा फॉन्ट करून थेट साहेबांच्या टेबलावर ठेवलास. नाव काय, तर ‘मावशी’. समितीने दोन मिनिटांत एकमताने मंजूर केला. मला कोणी विचारलं नाही. (मी नको म्हटलं नाही, हे खरं. तुला दोनदा चहा करून दिला, हेही खरं. त्याला संमती म्हणत नाहीत.) तेव्हापासून मी कचेरीत काय काय ऐकते आहे, ते कल्पनेत आण. ‘‘मावशी फार जाड झाली रे, जरा उतरव.’’ ‘‘मावशी तिरकी केली तर मावेल.’’ ‘‘इथे मावशी नको, गर्दी होते.’’ एकतीस वर्षं मला ‘बाई’ म्हणणारी माणसं ही! मी मान वर केली की म्हणतात, ‘‘तुम्ही नाही हो बाई, फॉन्ट.’’

तेही मी गिळलं असतं. पण तुला आमच्या कामाची एक रीत माहीत नाही, आणि ती न विचारताच तू हात घातलास. आमच्याकडे तपासणीचा शिक्का नाही. कधीच नव्हता. ड्रॉइंग कागदावर आलं की मी प्रत्येक माप ताडून पाहते आणि सगळं जुळलं तरच खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या रिकाम्या चौकोनात मुख्य मापं माझ्या हाताने, पेनने लिहिते. फोरमन बाकी कागद बघतो तो नंतर, आधी चौकोन बघतो. तिथे माझं अक्षर असेल तर कापायचं, नसेल तर पत्र्याला हात लावायचा नाही. एकतीस वर्षांत एक तुळई परत आलेली नाही.

आमच्याकडे एक ड्राफ्ट्समन आहेत, पन्नाशीचे, त्यांना सगळे ‘नंतरबघू’ म्हणतात, कारण काहीही विचारलं की तेच उत्तर. त्यांनी जिन्याचं कच्चं ड्रॉइंग केलं, नुसतं डॉक्टरीणबाईंना जिना कसा दिसेल ते दाखवायला. मजल्याची उंची मोजायला कोण जाणार, म्हणून अंदाजाने २८८० मिलिमीटर धरली. म्हणजे सोळा पायऱ्या. खरी उंची ३०६०, म्हणजे सतरा. इथवरही बिघडलं नव्हतं. पण कोपऱ्यातला चौकोन ‘‘रिकामा बरा दिसेना’’ म्हणून त्यांनी तोही कॉम्प्युटरवरच भरून टाकला. तुझ्या मावशीत. मग तो कागद बाकीच्या गठ्ठ्याबरोबर वर्कशॉपला गेला.

जिना क्रेनने उचलून बसवला. डॉक्टरीणबाई अंगाने बुटक्या आहेत. त्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या, तर समोर मजला जवळजवळ गुडघ्याला. खाली वळून म्हणाल्या, ‘‘दात दुखत असलेल्या माणसाला मी उडी मारायला सांगू?’’

मी तरातरा वर्कशॉपमध्ये गेले. म्हटलं, कोणाला विचारून कापलंत? फोरमन म्हणाले, ‘‘तुम्हाला.’’ म्हटलं, मला कधी विचारलंत? त्यांनी कागद पुढे केला. ‘‘हे काय, चौकोनात तुम्हीच सांगताय.’’ आणि होतेच रे मी तिथे. शेपटी लांबवलेला माझा दोन, वरून बंद केलेला माझा आठ. साफ खोटं माप, आणि अक्षर माझं. कॉलेजात परीक्षेला मागची मुलगी पाठीत पेन टोचायची तेव्हाही मी कोणाला खोटं उत्तर सांगितलं नाही (खरंही सांगितलं नाही), आणि आता माझा हात अकरा टेबलांवर एकाच वेळी वाटेल ते लिहीत सुटला आहे.

साहेबांनी फोरमनना नोटीस दिली, न तपासलेलं काम कापलं म्हणून. त्या माणसाचा काय दोष? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच. आता ते प्रत्येक कागदाला मला फोन करतात, ‘‘बाई, ही तुम्ही, का ती?’’ दिवसातून वीस वेळा मी सांगते की ती.

तेव्हा हा फॉन्ट काढ. आमच्या कचेरीतल्या सगळ्या बारा कॉम्प्युटरवरून, माझ्यासकट. त्या जागी सॉफ्टवेअरबरोबर आलेला तो साधा, काटकुळा, कोणालाच न आवडणारा फॉन्ट बसव. माझं मत विचारशील तर नेहमीसाठीचा फॉन्ट असाच हवा, कोणाचाच हात न वाटणारा. मग त्याने खोटं माप लिहिलं तर तो फक्त चुकतो, कोणाचा शब्द खोटा पडत नाही.

तुझी (आणि एकच)
मावशी

ता. क. साहेबांशी भांडले. नोटीस मागे घेऊ म्हणाले, पण सोमवारपासून चौकोनात जे असेल ते माझंच, दुसऱ्या कोणाचं नाही, अशी हमी मी द्यायची. दिली. तेव्हा काम सोमवारच्या आत व्हायला हवं.

आणखी ता. क. ही हमी देऊन मी काल एक ड्रॉइंग तपासलं आणि चौकोन हाताने, पेनने भरून खाली पाठवला. फोरमननी परत धाडला. लाल पेन्सिलीने शेरा : ‘हे बाईंचं नाही. कोणीतरी नक्कल केली आहे, हात कापतो.’ गेले आठ महिने कापतो. उजवा. आजवर डाव्या हाताने मनगट दाबून धरून लिहीत होते, काल तेही जमलं नाही. तू नेलेली ट्रेसिंग वीस वर्षांपूर्वीची आहेत, तेव्हा कापत नव्हता. तुझ्या आईला माहीत नाही, आणि हे पाकीट मी चिकटवून देते आहे.

शेवटचं ता. क. म्हणून वर बारा लिहिलं आहे ते अकरा वाच. माझ्या कॉम्प्युटरवरचा फॉन्ट राहू दे. चौकोन मी तपासून त्यात भरत जाईन. फक्त दुसऱ्या कोणाला तो उचलून नेता येणार नाही असं काहीतरी कर. फोरमनना मी स्वतः जाऊन सांगेन.

तुझ्या आईच्या हाती आज दिलेल्या वस्तू : अकरा कॉम्प्युटरची यादी, एक. तू विसरलेला चार्जर, एक. फोरमनच्या शेऱ्यासह परत आलेला कागद, घडी करून, याच चिकटवलेल्या पाकिटात, एक. माझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड, बंद पाकिटात, एक. पाकिटावर तुझं नाव मी हाताने घातलं आहे. वाकडं दिसलं तरी ते माझंच.