मनीचा शेवटचा रिपोर्ट

आई,

आज मनीचा रिपोर्ट फोनवर आला तेव्हा माझा कुकरसुद्धा लागला नव्हता. सकाळी तिचं रक्त दिलं आणि दुपारच्या भाताआधी आकडे हजर, किडनीचे सगळे लाल अक्षरांत. लालबागला आपण जिथून दळण आणायचो, तिथे आता फक्त कुत्र्यामांजरांच्या तपासण्यांची लॅब झाली आहे. काचेचं दार, एसी, एक्स-रे, सोनोग्राफी. तुझ्या वेळी परळचा जनावरांचा दवाखाना होता, पण तो तुला घोड्याबैलांचा वाटायचा. मांजराला कोण नेतंय! आज बाकावर एक म्हातारा कुत्रा आणि त्याचे आजोबा शेजारी शेजारी बसले होते, दोघांनाही उपाशी ठेवून आणल्यासारखे. मी या लॅबला नावं ठेवत नाही. मागे इथेच मनीची साखर वेळेत सापडली आणि मला तिची आणखी काही वर्षं मिळाली.

रिपोर्टपाठोपाठ डॉक्टरीणबाईंचा फोन आला. लहान आहे, माझ्या मुलीच्या वयाची. "मावशी, पोटात गाठ पण दिसतेय. उद्या सुईने थोडं सॅम्पल घेऊ या का? आता सगळं इथेच होतं, बाहेर पाठवावं लागत नाही."

"त्याने ती बरी होईल?"

"नाही मावशी. काय आहे ते कळेल."

विचार करून सांगते म्हटलं, आणि तव्यावर सुकट भाजली. तुझी तपासणी तीच होती ना? मी कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्ममध्ये दारात उभी आहे आणि तू मोरीपाशी उकिडवी बसून तेव्हाच्या मनीपुढे तळहात धरला आहेस. आपल्याकडे प्रत्येक मांजर मनीच. ती सुकटीवरून तोंड फिरवते. तू पाण्याच्या पिंपामागे गोणपाट अंथरतेस. मी "मने, मने" करून रडायला लागते, तेव्हा तुझा सुकटीच्या वासाचा हात माझ्या तोंडावर येतो. "हाक मारू नको गो. निघालेल्याक हाक मारली की त्याचे पाय अडाकतत." आणि माझे हुंदके थांबेनात तेव्हा, "तुझ्या शाळेत मनातल्या मनात प्रार्थना करूक शिकवतत मा? तशी कर. कायतरी उपयोग होऊ दे त्या फीचो."

मघाशी मी तळहात पुढे केला. मनीने एकदा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी फोन लावून सांगितलं, सुई नको. "ठीक आहे मावशी," ती म्हणाली, "दुखणार नाही एवढं औषध देते." आता आपल्याकडे पिंप नाही, म्हणून वॉशिंग मशीनमागे टॉवेल घातला. मनी आपणहून तिथे जाऊन निजली आहे. सोनोग्राफीसाठी भादरलेलं तिचं गुलाबी पोट हळूहळू वरखाली होतंय. हात सारखा तिकडे जातो, नाव ओठांवर येतं, आणि मी शाळेतली प्रार्थना मनात म्हणत बसते.

हा कागद तुझ्या फोटोमागे सरकवून ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? मनीला मी अजून एकदाही हाक मारलेली नाही, आई. तुला मात्र, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी, रोज हाक मारते.